हळदीकुंकवाला तिला बोलवू का?

प्रश्न : बहिणीचं मूल मुलगा म्हणून वाढलं, आता मुलगी म्हणून राहतंय. नातेवाईक टिंगल करतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवू का? – एक मावशी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बोलवाच, मावशी! कुंकू स्वतःच्या हातानं लावा, वाणही इतर बायकांना द्याल तेच द्या. तिनं घेतलेल्या नावानंच हाक मारा. जाऊबाई नाक मुरडतील, मुरडू द्या. टिंगल करणाऱ्याला चारचौघांत नको, बाजूला घेऊन ठणकावा. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच मान्य केलाय, हेही सांगा. मला खरी काळजी तुमच्या बहिणीची वाटते. लोकांची बोलणी तीच ऐकत असणार. आमंत्रणाचा फोन आधी तिला करा, आणि आजच करा.