प्रगती मोजणारे सॉफ्टवेअर निवडताना: आलेखाच्या आधी काय पाहावे

नमस्कार डॉक्टर,

साताऱ्यात दोन मानसोपचारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि रोजचे तीस-पस्तीस रुग्ण असलेल्या दवाखान्यासाठी, उपचारांनी रुग्णाला कितपत फरक पडतो आहे हे मोजणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. तीन कंपन्यांची प्रात्यक्षिके पाहिली आणि तिन्हींचे आलेख सारखेच देखणे वाटले, असेही लिहिले आहे. सांगलीत आमच्या दवाखान्यातले हे काम मी २०१८ पासून पाहते. या काळात आम्हाला दोनदा सॉफ्टवेअर बदलावे लागले, त्यामुळे नाव सुचवण्यापेक्षा ती का बदलावी लागली हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आमचे पहिले सॉफ्टवेअर तसे वाईट नव्हते. रुग्ण वेटिंगमध्ये बसून टॅबवर पीएचक्यू-९ ही नैराश्याची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरत असे, परंतु तो स्कोअर पाहायचा तर डॉक्टरांना केसपेपरचा पडदा बंद करून वेगळे लॉगिन करावे लागे, मग रुग्णाचे नाव शोधावे लागे, मग अहवाल उघडावा लागे. आणि सोमवारच्या गर्दीत हे कोणीही करत नसे. तीन महिन्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीनेच मला विचारले, “मॅडम, हे भरून घेतो ते बघतं कोण?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून माझी पहिली कसोटी एकच आहे: रुग्ण केबिनमध्ये शिरण्यापूर्वी त्याचा आजचा आणि मागचा स्कोअर, न शोधता, डॉक्टरांच्या समोर असतो का? नसेल तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट एकूण गुणांच्या मोहाची. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. गुण जितके जास्त तितके नैराश्य तीव्र; ५, १०, १५ आणि २० या तीव्रतेच्या पायऱ्या आपल्याला पाठ आहेत, आणि पाच गुणांची घट झाली तर फरक पडला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आमच्याकडे एका रुग्णाचा स्कोअर १७ वरून ११ वर आला. आलेख छान उतरता, शिवाय हिरव्या रंगात. प्रत्यक्षात त्याची झोप आणि भूक सुधारली होती, पण नवव्या प्रश्नाचे, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीचे उत्तर शून्यावरून दोनवर गेले होते. समुपदेशकाने मूळ उत्तरपत्रिका उघडली म्हणून ते ध्यानात आले. जे सॉफ्टवेअर नववा प्रश्न एकूण गुणांपासून वेगळा काढून दाखवत नाही, ते मी फुकट मिळाले तरी घेणार नाही.

याच प्रश्नामुळे घरी लिंक पाठवण्याची सोय, जिची कंपन्या सर्वाधिक जाहिरात करतात, मला अडचणीची वाटते. रात्री साडेअकराला कोणी नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ दररोज’ असे उत्तर दिले, तर ती सूचना कोणाच्या फोनवर जाणार आणि त्याने काय करायचे, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर लिंक पाठवू नये. शिवाय फोन कोणाचा, हाही प्रश्न आहेच. आमच्याकडे नोंदणीत दिलेला क्रमांक पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. एका बाईंच्या नैराश्याच्या प्रश्नावलीची लिंक नवऱ्याने उघडली, उत्तरेही त्यानेच दिली, आणि स्कोअर अर्थातच उत्तम आला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मधील गोपनीयतेचा हक्क रुग्णाचा आहे, घरातल्या फोनमालकाचा नव्हे. आम्ही आता प्रश्नावली दवाखान्यातच भरून घेतो, आणि ती रुग्णाने स्वतः भरली, नातेवाइकाने भरली की आमच्या माणसाने वाचून दाखवली, याची नोंद प्रत्येक वेळी करतो. या नोंदीसाठी रकाना आहे का, ते आवर्जून विचारा.

भाषेची परीक्षा सोपी आहे. पीएचक्यू-९ आणि चिंतेची जीएडी-७ प्रश्नावली वापरण्यास शुल्क लागत नाही आणि पीएचक्यू-९ चा मराठी अनुवाद तयार आहे; तरीही काही कंपन्या यंत्राने केलेले भाषांतर घुसडतात. कंपनीच्या माणसासमोरच मराठी प्रश्नावली दवाखान्यातल्या मावशींना मोठ्याने वाचायला द्या. त्या जिथे अडखळतील, तिथे रुग्णही अडखळेल. आमच्याकडे अथणी-चिकोडीकडूनही रुग्ण येतात, त्यामुळे आम्हाला कन्नडही लागते. आपल्याला बहुधा लागणार नाही. बेक डिप्रेशन इन्व्हेंटरी या नैराश्याच्या प्रश्नावलीसारख्या चाचण्यांना मात्र परवाना लागतो, तो कोणाच्या नावे आहे ते पाहा.

सगळ्या आजारांना एकच प्रश्नावली लावणारी पॅकेजेसही भेटतील. स्किझोफ्रेनियासाठी तीस कलमांचे पॅन्स, म्हणजे लक्षणांचे सविस्तर मोजमाप, ओपीडीत होणे नाही, तिथे आजाराच्या एकंदर तीव्रतेचे, डॉक्टरांनी स्वतः भरायचे सात पायऱ्यांचे सीजीआय पुरते. मद्यपानाची ‘ऑडिट’ प्रश्नावली मुख्यतः गेल्या वर्षभराविषयी विचारते. ती दरमहा भरून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला तिचा अर्थच कळलेला नाही.

अहवालांबाबत एक सावधगिरी. ‘आपल्या ७० टक्के रुग्णांत सुधारणा’ अशा स्वरूपाचे वाक्य पडद्यावर आले, तर ते कोणांपैकी, हे विचारा. जे परत आले तेच मोजले जातात. गाळप हंगाम सुरू झाला की आमचे जत-आटपाडीकडचे ऊसतोडीला जाणारे रुग्ण कित्येक महिने दिसत नाहीत. ते बरे झाले की औषध सोडून गेले, हे आलेखाला ठाऊक नसते. दुसरा स्कोअर नसलेल्यांची यादी, फोन करण्याजोगी, जे सॉफ्टवेअर देते ते मला रंगीत टक्केवारीहून मोलाचे वाटते.

आता करार. आमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी बंद पडली तेव्हा तिने आमची माहिती म्हणून शेकडो पीडीएफ पाठवल्या, त्यांत फक्त एकूण गुण होते, प्रश्नवार उत्तरे नव्हतीच. म्हणून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तारखेसह साध्या तक्त्यात, केव्हाही आणि विनाशुल्क बाहेर काढता येईल, असे कलम करारात घालून घ्या. रुग्णाने मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे स्वतःची नोंद मागितली तर तेच उपयोगी पडेल. माहितीचा साठा कोठे आहे आणि कंपनीतले कोण ती वाचू शकते, हे लेखी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार रुग्णांच्या माहितीची जबाबदारी मुख्यतः आपल्यावरच येते. कागदच बरा, असे कोणी म्हणेल, तर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या फाइलींचा झालेला लगदा मी स्वतः फावड्याने काढला आहे.

खरेदीपूर्वी पंधरा दिवस हेच काम कागदावर करून पाहा, म्हणजे भरायला किती मिनिटे लागतात आणि कोण मदत करते ते कळेल. मग कंपनीला त्यांचे नमुन्याचे रुग्ण दाखवू देऊ नका. मी वर सांगितलेला रुग्ण, १७ वरून ११, नववे उत्तर शून्यावरून दोन, त्यांच्याच हाताने भरायला सांगा आणि पडद्यावर काय दिसते ते पाहा. “ते सविस्तर अहवालात येतं, सर,” असे उत्तर आले, तर तिथपर्यंत किती क्लिक लागतात ते मोजा.