परडी, जटा आणि के-पॉप: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमचा सात जणींचा के-पॉप म्हणजे कोरियन पॉप गाण्यांवर कव्हर डान्सचा ग्रुप आहे. यंदा गॅदरिंगला फ्युजन करायचं ठरलंय, म्हणजे स्टेप्स कोरियन, ट्रॅकमध्ये जोगतिणींचं चौंडकं आणि "उदो गं आई उदो"चा गजर, नऊवारी, डोक्यावर देवीची परडी आणि केसांना लोकरीच्या जटा, कारण कोरियन ग्रुपमधले पण ड्रेडलॉक्स करतात आणि स्टेजवर ते भारी दिसतं. आमच्यातली एक यल्लम्माच्या सौंदत्तीकडची आहे, ती प्रॅक्टिसला काहीच बोलली नाही आणि रात्री मेसेज टाकून ग्रुप सोडला. लिहिलं होतं, "माझ्या आजीच्या डोक्यात खरी जट होती. २०२० ला गणपतीसाठी कोरियन लोकांशी भांडणारी तूच ना?" ते खरंय ताई, मी शाळेत होते आणि कमेंटवर कमेंट टाकल्या होत्या. पण यल्लम्मा तर आमचं कुळदैवत आहे, आपलंच आपण वापरलं तर चूक कशी?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर: तुझं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होतं, कारण पटकन उत्तर द्यावं असं ते नाहीच.

आधी त्या गणपतीचं बोलू. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, २०२० च्या जूनमध्ये ब्लॅकपिंक ह्या कोरियन मुलींच्या ग्रुपचा नवा व्हिडिओ आला, त्यात त्यांच्यातली लिसा मोठ्या खुर्चीवर बसलेली आणि बाजूला खाली जमिनीवर गणपतीची मूर्ती ठेवलेली, शोभेची फुलदाणी ठेवावी तशी. आपल्याकडच्या फॅन्सनी आवाज उठवला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने व्हिडिओतून मूर्ती काढली. तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. पण तेव्हा "आमचा देव तुम्ही घ्यायचाच नाही" असा एक सूर लागला होता तो मला पटला नव्हता, कारण लिसा थायलंडची आणि तिथे गणपतीला फ्रा फिकानेत म्हणतात, कलेचा देव मानतात, त्यांच्या सरकारच्या ललित कला खात्याच्या बोधचिन्हावरच गणपती आहे. म्हणजे देव आपल्या एकट्याचा नव्हताच कधी. चूक एवढीच आणि ती मोठी, की ज्याला कोणी हात जोडतं त्याला सेटवरचं सामान केलं आणि कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

आता केसांचं. १९९२ ला सो ताइजी अँड बॉइज ह्या ग्रुपने कोरियन गाण्यात रॅप गाजवला, तिथपासून आजपर्यंत के-पॉपच्या हाडात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत आहे, त्यात वाईट काही नाही, संगीत असंच चालतं. पण त्यांच्या त्या घट्ट वेण्या आणि जटा, त्यांच्यामुळे मुलांना शाळेतून घरी पाठवलं जायचं, नोकरी मिळायची नाही, शेवटी कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आणि तेच केस गाण्यापुरते बांधून दुसरा कोणी टाळ्या घेतो. २०२० मध्येच एटीज ह्या के-पॉप ग्रुपमधल्या होंगजूंगच्या केसांवरून हेच झालं आणि त्याच्या कंपनीने माफी मागितली. लोकांना राग केसांचा नव्हता गं, ज्या गोष्टीची शिक्षा आम्ही भोगली ती तुमच्यासाठी फॅशन, ह्याचा होता.

आणि आता तुझी मैत्रीण काय म्हणते ते परत वाच. खरी जट.

मी लहान असताना वडगावात आमच्या घरी मंगळवारी नाहीतर शुक्रवारी एक जोगतीण यायची. काखेत चौंडकं, हातात परडी, कपाळभर भंडारा आणि मानेच्या एका बाजूला खाली आलेली जट, दोरखंडासारखी जाड, टोकाला पांढरट झालेली. ती मान सारखी वाकडी धरायची. मला वाटायचं गाताना तशी धरायची पद्धत असेल, पुढे कळलं की जटेच्या ओझ्याने मान दुखायची. माझी आजी परडीत पीठ घालायची, वाकून नमस्कार करायची, पण उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही, पाणी दिलं तर ओंजळीत वरून. एकदा मी त्या परडीला हात लावायला गेले तर ती म्हणाली, "पोरी, ही टोपली न्हवं, ही आई हाय माझी, हिच्यापायीच मला सोडलीया." मी आठ वर्षांची होते, सोडलीया म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही.

गरीबाघरच्या पोरीच्या केसांचा गुंता व्हायचा, तेल नाही, कंगवा नाही, त्यात उवा, आणि मग कोणीतरी म्हणायचं देवीचं बोलावणं आलं, कापायचं नाही, आणि पोर यल्लम्माला सोडायची, म्हणजे देवदासी म्हणून देवीला देऊन टाकायची. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा १९८२ ला झाला, म्हणजे तुझ्या मैत्रिणीची आजी त्याच्या आधीची असणार. तुम्ही स्टेजवरून उतरलात की लोकरीच्या जटा पिशवीत टाकाल. त्या बाईला तो मार्ग नव्हता.

यल्लम्मा तुझी आहेच, कोण नाही म्हणतंय? नवस तुमचा, डोंगराची वारी तुमची. पण जट तुमच्या घरात आली नाही, दारोदार जोगवा मागायची पाळी आली नाही, आणि "आपलंच" हा शब्द आपण असल्या जागी फार सहज वापरतो. कोरियन कंपनीला गणपती जितका लांबचा होता ना, तितकीच जोगतिणीची जिंदगी तुला लांबची आहे, जरी ती तुझ्या गल्लीतून जात असली तरी.

आता काय करायचं. जटा काढा, ह्यावर चर्चा नको. परडी पण काढा. चौंडकं ठेवायचं असेल तर इंटरनेटवरून कापलेला तुकडा नको, वाजवणाऱ्या माणसाकडे जा, बसा, एकच तार असते त्याला पण हाताला यायला वेळ लागतो, त्यांना विचारा की स्टेजवर चालेल का आणि कुठलं पद चालेल. ते हो म्हणाले तर त्यांनाच वाजवायला बोलवा, साउंडवाल्याला देता तसे पैसे द्या आणि नाव निवेदनात घ्या. ते नाही म्हणाले तर हलगी आहे, लेझीम आहे. बीटीएसने २०१८ च्या एका गाण्यात स्वतःच्या लोकगायनातल्या दाद द्यायच्या आरोळ्या आणि ढोलाचे तोंडी बोल घेतले, आपल्या शाहिराच्या मागचे साथीदार "जी जी रं जी" घेतात तसंच काहीसं, आणि ते गाणं जगभरच्या पोरांनी ऐकलं, तुमच्यात पण तेवढी ताकद आहे.

पण ह्या सगळ्याच्या आधी मैत्रिणीच्या घरी जा. मेसेज नको. डान्सबद्दल काही बोलू नकोस, तिची आजी कशी होती ते विचार आणि ती सांगेल तेवढं ऐक. ती परत ग्रुपमध्ये येईल न येईल, ते तिच्यावर सोड.

प्रश्न: परदेशी लोकांनी आपलं घेतलं की आपण चोरी म्हणतो आणि आपल्या संगीतकारांनी त्यांचं घेतलं की प्रेरणा. हा दुटप्पीपणा नाही का?
— निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर: आहे गुरुजी, आणि तुम्ही तो बोलून दाखवला हे बरं केलंत. १९६१ च्या 'छाया'मधलं तलत आणि लताबाईंचं द्वंद्वगीत आपण डोळे मिटून ऐकतो, त्याचा मुखडा युरोपातल्या संगीतकार मोझार्टच्या चाळीसाव्या सिंफनीवरून घेतलाय. मला ते गाणं प्रिय आहे आणि ते चोरी आहे असं मी म्हणणार नाही, मोझार्ट जाऊन दीडशेच्या वर वर्षं झाली होती, त्याचं नाव जगात पक्कं होतं, आपले संगीतकार सलील चौधरी, त्यांच्या गाण्याने त्याचा घास कमी झाला नाही. याउलट २००२ ला अमेरिकेत एका गाण्यात लताबाईंच्या आवाजाचा मोठा तुकडा परवानगी न घेता वापरला, चाल बप्पी लाहिरींची, सीडीवर त्यांचं नाव नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि नाव छापल्याशिवाय विकू नका असा तिथल्या न्यायाधीशांनी आदेश दिला. बघा, इथे माणूस जिवंत होता, कमाई चालू होती आणि त्याचं नावच पुसलेलं. मी फरक करते तो एवढ्यावर, घेणारा कुठल्या देशाचा ह्यावर नाही. आपल्याकडे किती लोकगीतांवर "पारंपरिक" असं लिहून गाणाऱ्या बाईला बसभाडं देऊन वाटेला लावलंय, तो हिशोब पण मग आपल्याला मांडावा लागेल.

प्रश्न: आमच्या मंडळात एक कन्नड बोलणारा मुलगा आहे, बरीच वर्षं वर्गणी देतो, रात्र-रात्र डेकोरेशनला असतो. ह्या वर्षी त्याने विचारलं की आरतीनंतर कन्नड संतकवी पुरंदरदासांचं गणपतीचं पद म्हणू का. निम्मे हो म्हणाले, निम्मे म्हणाले आपला मराठी उत्सव आहे, मिक्स नको. काय करू?
— मंडळाचा कार्यकर्ता, खानापूर तालुका

उत्तर: अरे, माईक दे त्याला.

भाषेचं दुखणं आपल्या भागात खरं आहे, मी ते हलक्यात घेत नाही, मराठी पाट्यांसाठी आणि मराठी शाळांसाठी आपण बोलायलाच पाहिजे. पण त्याचा राग गाण्यावर नको. आपलं मराठी नाटकच बघ, कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या राजांनी विष्णुदास भाव्यांना असं काही मराठीत करा म्हटलं आणि १८४३ ला सीतास्वयंवर उभं राहिलं. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आणि कुमार गंधर्व, १९२४ ला इथे जवळच सुळेभावीला जन्मले, घरात कन्नड, क्षयाने आजारी होऊन देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद, तेव्हा खाटेवर पडून त्यांनी बाहेरून येणारी माळव्यातल्या बायांची गाणी ऐकली, पुढे जमवली, लिहून घेतली आणि त्या धुनांमधून नवे राग बांधले, ते पण ह्या धुना माळव्याच्या आहेत असं सांगून. भीमसेन जोशी गदगचे, त्यांनी अभंग गायले आणि दासांची पदं पण गायली, तेव्हा त्यांना कोणी एकच निवडा म्हटलं नाही.

त्या मुलाने विचारून मागितलंय, वर्षानुवर्षं तुमच्यात राबून मागितलंय. पहिल्याच दिवशी म्हणू दे, आणि प्रत्येक कडव्याचा अर्थ मराठीत सांगायला तुमच्यातलाच एकजण शेजारी उभा राहू दे. पद अवघड नसतं, दोन-तीन संध्याकाळी त्याच्याबरोबर बसलात तर विसर्जनापर्यंत सगळ्या मंडळाला कोरसला येईल.