गवताच्या पैदासीचे काम : मृदाशास्त्र की पैदासशास्त्र?

प्रश्न : मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. पाणथळ जमिनीत टिकणारी आणि मातीतील नत्र वाया जाऊ न देणारी चाऱ्याची गवते विकसित करण्याच्या कामात मला उतरायचे आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण मृदाशास्त्रात घ्यावे की वनस्पती पैदासशास्त्रात?

उत्तर : तुमचे काम दोन्ही शाखांत विभागलेले असले, तरी मी पैदासशास्त्र सुचवीन, कारण त्यातली सर्वांत अवघड गाठ गवताच्या फुलोऱ्यात आहे. उष्ण कटिबंधातील ब्रॅकिएरिया या चाऱ्याच्या गवतांच्या गटाच्या बहुतेक लागवडीच्या वाणांत अपॉमिक्सिस आढळते, म्हणजे बी फलनाविना तयार होते आणि प्रत्येक रोप मातृरोपाची हुबेहूब प्रत निघते. संकर करायचा तर लैंगिक पद्धतीने बी धरणारी मादी हाती असावी लागते. रुझिझिएन्सिस ही प्रजाती तशी आहे. पण तिच्या गुणसूत्रांची संख्या कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केल्यानंतरच इतर चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेल्या) प्रजातींशी तिचा संकर साधला, आणि कोलंबियातील सियाट या कृषी संशोधन संस्थेच्या कार्यक्रमातून ‘मुलाटो’सारखे वाण पुढे आले. अपॉमिक्सिसची हीच अडचण नंतर वरदान ठरते : उत्तम अपॉमिक्टिक संकर एकदा मिळाला की त्याचे गुण बियांतून जसेच्या तसे टिकतात.

नत्राच्या बाबतीत याच गटातील ह्युमिडिकोला ही प्रजाती मला विलक्षण वाटते. तिच्या मुळांतून पाझरणारे ब्रॅकिॲलॅक्टोन हे द्रव्य अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवरते, हे जपानच्या जिरकास या कृषी संशोधन संस्थेतील आणि सियाट येथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. धनभारित अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते, तर नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाते किंवा हवा न पोहोचणाऱ्या ओल्या मातीत त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. हेच गवत मुळांतील हवेच्या पोकळ्यांमुळे साचलेल्या पाण्यातही तग धरते.

मात्र नत्र राखण्याचा हा गुण रोप पाहून कळत नाही. प्रत्येक वंशाखालच्या मातीत नायट्रेट किती वेगाने तयार होते, हे मोजावे लागते. म्हणून मुख्य मार्गदर्शक पैदासशास्त्रातले आणि सहमार्गदर्शक मृदा सूक्ष्मजीवशास्त्रातले, अशी जोडी प्रवेशापूर्वीच ठरवा. सांख्यिकी व पेशीशास्त्राचे विषय टाळू नका. बीजोत्पादनाकडेही सुरुवातीपासून लक्ष द्या, कारण पुरेसे भरलेले बी न देणारा संकर कितीही सरस असला तरी शेतापर्यंत पोहोचणे कठीण असते.