अनवाणी म्हणजे नेमके कशाविना?

प्रश्न थोडक्यात असा. एका बाईंनी शाळेच्या वार्षिकासाठी भारतीय फुटबॉल संघाच्या सुरुवातीच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांवर लेख लिहिला. त्यात वाक्य होते, ‘१९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी पायांनी खेळले.’ मुद्रितशोधकांनी ‘पायांनी’वर काट मारली आणि समासात लिहिले, ‘द्विरुक्ती’. बाई विचारतात, काट बरोबर आहे का? शिवाय जुन्या छायाचित्रांत काही खेळाडूंच्या पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात, त्यांना अनवाणी म्हणावे का? आणि शब्द ‘अनवाणी’ की ‘अणवाणी’?

‘पायांनी’ परत घाला. पट्ट्या असल्या तरी अनवाणीच. उत्तर खरे तर इथेच संपते, पण ही काट मी गेली कित्येक वर्षे बघतो आहे आणि दर वेळी तिडीक उठते.

‘अनवाणी’ या शब्दात पाय कुठे आहे, ते मला कुणीतरी दाखवावे. शब्द उलटा करा, सुलटा करा, पाय सापडणार नाही. मग द्विरुक्ती कशाची? ‘बेअरफुट’ या इंग्रजी शब्दात उघडे पाऊल आहे, हे कबूल. म्हणजे मुद्रितशोधक वाचत होते मराठी आणि द्विरुक्ती मोजत होते इंग्रजीतली. याच वळणाने हल्ली ‘उघड्या पायांनी खेळले’ असेही छापून येते. उघडे पाय म्हणजे आमच्याकडे अर्ध्या चड्डीतले पाय. गुडघ्यापर्यंत मोजे आणि पायात बूट असलेला फुटबॉलपटूही उघड्या पायांचाच असतो. एका क्रीडावार्तेत तर ‘नग्नपाद भारतीय’ वाचले. त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

अनवाणी म्हणजे वहाणेविना. ‘अन्’ हा नकार आणि पुढे वहाण. शब्द पायाबद्दल काही बोलतच नाही, जी वस्तू पायात नाही तिच्याबद्दल बोलतो. म्हणून मोजे घातलेला माणूस अनवाणी, पायाला फडके बांधलेला माणूस अनवाणी आणि मेंदी लावलेली नवरीही अनवाणी. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल यातच लागला.

आता खरी मौज. संस्कृतात वहाणेला उपानह् म्हणतात, आपली वहाण त्यातूनच आली, आणि वहाण नसलेल्याला अनुपानत्क. उपानह् म्हणजे उप अधिक नह्. नह् म्हणजे बांधणे, आवळणे. पावलाशी बांधलेली ती उपानह्. पाणिनीने या एका धातूसाठी ‘नहो धः’ असे सूत्रच लिहून ठेवले आहे: नह् मधल्या ‘ह’चा विशिष्ट जागी ‘ध’ होतो. त्यामुळे बांधलेला तो ‘नद्ध’. आणि हा नद्ध आपल्या रोजच्या मराठीत कुठे बसला आहे? ‘सन्नद्ध’मध्ये! चिलखताचे बंद आवळून लढाईला उभा राहिलेला तो सन्नद्ध. दुसरा भाऊ संगीतात आहे. पखवाज, तबला, ढोलकी ही अवनद्ध वाद्ये, कारण त्यांच्या तोंडावर चामडे ताणून वादीने आवळलेले असते. वहाण, सैनिक आणि ढोलकी ही एकाच आईची लेकरे आहेत, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवून सांगितले होते. कुणाला विशेष वाटले नाही.

हे मनात ठेवा आणि त्या सामन्याकडे बघा. ३१ जुलै १९४८, लंडनच्या पूर्वेचे इलफर्ड, क्रिकलफील्ड मैदान. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना आणि समोर फ्रान्स. कर्णधार तालिमेरेन आओ, नागा टेकड्यांमधून कलकत्त्याला वैद्यकी शिकायला आलेले, तिथल्या मोहन बागान क्लबकडून खेळणारे. उद्‌घाटनाच्या संचलनात तिरंगाही त्यांच्याच हाती होता. फ्रान्सने अर्ध्या तासात गोल केला. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामनने बरोबरी साधली. शेवटच्या एक-दोन मिनिटांत फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ने हरलो. दोन पेनल्टी आपण वाया घालवल्या, त्यावर बोलू नये हे बरे. बहुतेकांच्या पायात बूट नव्हते. कुणी मोज्यांवर, कुणी नुसत्या पावलांनी, कुणी घोटा आणि पाऊल पट्टीने करकचून आवळलेले.

करकचून आवळलेले! म्हणजे तो गडी वहाण नाही म्हणून अनवाणी आणि बांधलेला आहे म्हणून नद्ध. एकच धातू त्याच्या पायाला आहे म्हणतो आणि नाहीही म्हणतो. आता पुढचे ऐका. त्या काळचा चेंडू चामड्याचे तुकडे शिवून केलेला, आत रबरी फुगा, आणि तोंड वादीने बांधलेले. माझ्या लहानपणापर्यंत कोल्हापुरात असे चेंडू होते. तालमीच्या कट्ट्यावर बसून एक दादा फुग्याची नळी दुमडायचा, दोऱ्याने बांधायचा, चामड्याखाली सारायचा आणि आकडा घेऊन वादी एकेका भोकातून ओढायचा. गाठ आत दडली नाही तर हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा शिक्का उमटे. पावसात तोच चेंडू पाणी पिऊन एवढा जड होई, की लहान पोरांना उचलवत नसे. म्हणजे इलफर्डला चेंडू हाच खरा अवनद्ध! जे चामडे पायाला बांधायचे ते आपल्या लोकांनी चेंडूपुरतेच ठेवले. ‘पदकंदुक’ वगैरे शब्द घडवणाऱ्यांना हे सुचले असते तर फुटबॉलला निदान एक नाद असलेला प्रतिशब्द मिळाला असता. मी ‘अवनद्ध’ सुचवून पाहिला आहे. लोक विषय बदलतात.

आता भांडणाचा मुद्दा. आमच्या मंडळात एक ज्येष्ठ अभ्यासक आहेत, त्यांचे म्हणणे वहाण म्हणजे वाहन, जी माणसाला वाहून नेते ती. ऐकायला छान वाटते. लोकव्युत्पत्तीचे तसेच असते, ती नेहमीच खऱ्यापेक्षा छान वाटते. मी त्यांना एकच विचारले: वाहन नपुंसकलिंगी, ते वाहन. मग वहाण स्त्रीलिंगी कशी झाली? उपानह् मात्र संस्कृतात स्त्रीलिंगी आहे, पालीत उपाहना, प्राकृतात वाहणा, सगळ्या ‘ती’. दोन हजार वर्षे लिंग सांभाळून आलेल्या बाईला तुम्ही एका फटक्यात ‘ते’ करता? यावर ते म्हणाले की लिंग बदलते. बदलते, पण कारणाशिवाय बदलत नाही. त्यांनी अजून कारण दिलेले नाही. दुसरे एक गृहस्थ ‘अन’ अधिक ‘वाणी’ असे फोडून ‘ज्याच्या पावलांचा आवाज होत नाही तो’ असा अर्थ पसरवत असतात. त्यांच्याशी मी भांडत नाही.

माझे स्वतःचे मत याहून एक पाऊल पुढचे आहे. ते मत आहे हे सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा पत्रे नकोत. उपानह् पासून प्राकृतात आधी उवाणहा झाले. त्यात ‘ण’ आधी, ‘ह’ नंतर. पुढे दोघांनी जागा बदलल्या आणि वाहणा झाले. अशी अदलाबदल आपल्याला नवी नाही, लघुचे लहु आणि लहुचे हळू याच रस्त्याने झाले. आपली ‘वहाण’ उघडच अदलाबदलीनंतरची आहे, तिच्यात ‘ह’ पुढे आलेला आहे. पण ‘अनवाणी’? तिच्यात ‘ह’ दिसतच नाही. बहुतेक जण म्हणतात की अनवाहणी असा शब्द असणार आणि मधला ‘ह’ गळाला. मला ते पटत नाही. मराठी माणूस ‘वहाण’ म्हणताना ‘ह’ टिकवतो आणि तोच ‘अनवाणी’त गिळतो, हे का? माझ्या मते अनवाणी हा अदलाबदल होण्याआधीच्या रूपावरून आलेला आहे. तिथे ‘ह’ शेवटाला होता आणि शेवटचा ‘ह’ आपोआप विझतो. म्हणजे मराठीत वहाण नसण्याचा शब्द वहाणेच्या शब्दापेक्षा जुन्या घडणीचा आहे. यावर एका प्राध्यापकांनी मला ‘पुरावा?’ एवढ्या एकाच शब्दाचे पत्र पाठवले. त्यांच्या अनवाहणीचा लेखी पुरावा त्यांनी आधी दाखवावा.

घडणीचे राहू द्या, वापराचे बघा. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, नवस फेडायला डोंगर अनवाणी, देवळात शिरताना अनवाणी. मराठीत या शब्दाला गरिबीचा वास नाही, व्रताचा आहे. आणि इथेच या संघाबद्दल जे लिहिले जाते ते डोके फिरवते. ‘बिचारे अनवाणी पोरगे, बूट घ्यायला पैसे नव्हते.’ अहो, मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ने हरवून आयएफए शील्ड ही कलकत्त्याची मानाची स्पर्धा जिंकली तेव्हा अकरा जणांत बूट एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात होते. कोरड्या, टणक मैदानावर नुसत्या पावलाला चेंडू जसा कळतो तसा बुटाला कळत नाही. ती त्यांची सवय होती, तालीम होती. आओंच्या तोंडी एक वाक्य घातले जाते. बुटांबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल खेळता. शब्द न् शब्द असाच होता का, देव जाणे. पण सगळ्या चर्चेत व्युत्पत्तीला धरून बोललेला माणूस हाच.

याच जातीची दुसरी दंतकथा १९५०ची. अनवाणी खेळता येणार नाही म्हणून फिफाने आपल्याला ब्राझीलच्या विश्वचषकातून काढले, असे आजही सांगतात. कुणी काढले नव्हते. आपल्या पात्रता गटातल्या इतरांनी माघार घेतल्यामुळे जागा मिळालेली होती, स्वीडन, इटली आणि पराग्वे यांच्याबरोबर गटही पडला होता. ब्राझीलवाले खर्चाचा मोठा भाग उचलायलाही तयार होते. आपल्या महासंघाने सरावाला वेळ नाही, निवडीवर एकमत नाही अशी कारणे देत अंग काढून घेतले, कारण त्या काळी आपल्याकडे मान ऑलिंपिकला होता. बुटांचे नाव नंतर चिकटले. पायातली वहाण पायातच बरी, ती इतिहासाच्या डोक्यावर कशाला?

बुटांचा प्रश्न खरा आला तो १९५२ला हेलसिंकीत. आदल्या वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलने इराणला १-०ने हरवून सुवर्णपदक घेतलेला संघ. फिनलंडच्या थंडीत युगोस्लाव्हियाने त्याला दहा गोल घातले. आपला एक, अहमद खानचा. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नला मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळलेले नेव्हिल डिसोझा यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, आपण ४-२ने जिंकलो आणि चौथे आलो. त्या तीन गोलांबद्दल मला आदर आहे, पण शब्दचर्चेच्या दृष्टीने ते सामने निरस.

बाईंच्या लेखातली एक जागा जाता जाता. ‘पहिला आंतरराष्ट्रीय सामना’ असे मोघम लिहू नका. ‘स्वतंत्र भारताचा’ हे दोन शब्द लागतात. १९३८ साली करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला होता, तिथे यजमानांशी पाच कसोटी झाल्या. सिडनीतली पहिली ५-३ने हरलो, ब्रिस्बेनला ४-४ बरोबरी, न्यूकॅसलला ४-१ने जिंकलो, पुढच्या दोन हरलो. तिथेही आपले काही जण अनवाणी होते आणि ऑस्ट्रेलियन प्रेक्षक डोळे फाडून त्यांच्या पायांकडे बघत होते.

आमच्या गावाचे एक सांगायचे राहिले. कोल्हापुरात वहाण म्हणण्याआधी ‘पायताण’ म्हणतात, तोच संस्कृत पादत्राण, राकट होऊन आलेला. ज्या गावाने जगाला चपला दिल्या त्याच गावात तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे गाव तिथे. तिथल्या कुणालाही ‘अनवाणी पायांनी खेळला’ हे वाक्य खटकणार नाही. ‘पायात पायताण’ म्हणतानाही ते दोनदा पाय म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही. आपण ‘डोळ्यांनी आंधळा’ म्हणतो, ‘बोडके डोके’ म्हणतो, तिथे काट मारायला कुणी येत नाही.

हो, तिसरा प्रश्न. अनवाणी. अनोळखी, अनवाणी, ‘अन’ तोच. ‘ण’ एकदाच, शेवटी.

बाईंनी पाठवलेल्या पानावर, काट मारलेल्या वाक्याच्या दोनच ओळी खाली, ‘रामनने पायाने जोरदार लाथ मारून गोल केला’ असे आहे. त्यावर मुद्रितशोधकांची खूण नाही.