चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या बोर्डाने सीईओ सॅम ऑल्टमनला काढलं आणि पाच दिवसांत परत घेतलं. यातून संचालकांनी काय शिकावं?

‘प्रक्रिया चुकली म्हणून डाव फसला’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. हेच वाक्य मी स्वतःबद्दल वर्षानुवर्षं ऐकत आलोय.

१७ नोव्हेंबर २०२३ ला सहांपैकी चार संचालकांनी ऑल्टमनला काढलं. तसा अधिकार त्यांना होता. पुढे विल्मरहेल या लॉ फर्मच्या वकिलांनी चौकशी केली, त्यातही बोर्डाने अधिकार ओलांडला असं निघालं नाही. (काढावंच लागेल असं त्याचं वर्तन नव्हतं, हेही निघालं.)

आता माझं ऐका. मी कंपनी सेक्रेटरी होतो, नाशिककडे एका प्रायव्हेट लिमिटेडमध्ये. गाड्यांचे सुटे भाग बनवायची कंपनी, भागधारक तीन घरांतले. एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर) कोणालाच हिशोब देईनासे झाले, तेव्हा बाकीच्या संचालकांनी त्यांना पदावरून उतरवायचं ठरवलं. पुढाकार एका निवृत्त बँकर संचालकांचा. मी विचारलं, “साहेब, बँकेच्या कॅश-क्रेडिट कर्जाला पर्सनल गॅरंटी एमडींची आहे. बँकेशी कोणी बोललंय का?” म्हणाले, “तुम्ही फक्त नोटिशीचं बघा.”

बघितलं. सात दिवस आधी नोटीस, सोबत अजेंडा, प्रत्येकाची पोच, खुद्द एमडींचीही. ठराव बहुमताने पास. मग बँकेतून फोन आला, नवीन गॅरंटी कोण देणार? साहेबांसकट सगळे गप्प. स्वतःचा फ्लॅट कोण अडकवणार? तेवढ्यात मोठ्या गिऱ्हाईकाच्या परचेसवाल्यांनी पुढचं शेड्यूल रोखलं. महिना संपायच्या आत एमडी परत खुर्चीत, आणि साहेब गावभर सांगत फिरले की सेक्रेटरीची नोटीसच कच्ची होती!

ओपनएआयमध्ये वेगळं काय झालं? १३ अब्ज डॉलरच्या आसपास गुंतवणूक मायक्रोसॉफ्टची, आणि त्यांना कळवलं जाहीर करायच्या जेमतेम मिनिटभर आधी. कंपनीची किंमत ८६ अब्ज धरून कर्मचाऱ्यांचे शेअर विकायचा व्यवहार तोंडावर आलेला, तोच धोक्यात घातला. मग सुमारे ७७० पैकी ७०० हून जास्त जणांनी ‘बोर्ड जाऊ दे, नाहीतर आम्ही मायक्रोसॉफ्टमध्ये जातो’ म्हणून सह्या केल्या, यात नवल कसलं? काढायच्या बाजूने मत देणाऱ्या संचालक सुत्स्केव्हरचीही त्यावर सही होती. एवढ्यात हंगामी सीईओ दोन होऊन गेले.

आणि कारण काय दिलं? ऑल्टमन बोर्डाशी सातत्याने मोकळेपणाने बोलत नव्हता, एवढंच. चॅटजीपीटी बाजारात आल्याचं बोर्डाला ट्विटरवरून कळलं, हे त्या चौघांतल्या हेलन टोनरने सांगितलं मे २०२४ मध्ये. अहो, हे त्याच शुक्रवारी सांगायचं होतं! निदान काही सह्या तरी थांबल्या असत्या.

तेव्हा तुमच्या प्रश्नापुरतं: ठरावाआधी कर्ज देणारा, मोठं गिऱ्हाईक आणि दुसऱ्या फळीतली माणसं कोणाच्या भरवशावर उभी आहेत ते बघा. कारण लेखी ठेवा, जाहीर सांगता येईल असं. उद्या सकाळी खुर्चीत कोण, ते आज ठरवा. आपल्याकडे आणखी एक मेख आहे. एमडीपद बोर्ड काढू शकतं, पण संचालकपद काढायला कंपनी कायद्याच्या कलम १६९ खाली भागधारकांचा ठराव लागतो. म्हणजे उतरवलेला माणूस पुढच्या मीटिंगला तुमच्या समोरच बसणार.

हां, आधी बोलत सुटलात तर बातमी फुटते, ही त्या चौघांची भीती खोटी नव्हती. शिवाय तिथे तेव्हा वर ना-नफा संस्थेचं बोर्ड, त्याच्यावर भागधारकच नव्हते. आमच्या कंपनीशी तुलना सगळीकडे लागू पडत नाही. पण साहेब अजूनही लग्नकार्यात भेटले की नोटिशीचाच विषय काढतात. पोचपावत्यांच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, त्यांनी कधीही येऊन बघाव्यात.