चिंचिलाची जोडी लावायच्या आधी हे वाच
जोडी आणलीस ते छान, पण पिल्लांची घाई नको करू. आधी एसीचं बघ, कारण हा उंदराच्या जातकुळीतला, दाट फरचा प्राणी दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरातला, खोली 25 डिग्रीच्या वर गेली की उष्माघाताची भीती, आणि आपल्याकडे मे महिन्यात लाईट गेली की संपलंच, त्यामुळे बॅकअपची सोय आधी. पाण्याने अंघोळ कधीच नाही, फर इतकी दाट की आतून वाळत नाही, डस्ट बाथच द्यायचा, म्हणजे बारीक धुळीत लोळू द्यायचं. खायला मुख्यतः टिमोथी जातीचं वाळलेलं गवत, दात आयुष्यभर वाढतात ना, ते गवत चावूनच झिजतात. लोक लाडाने मनुके-बदाम देतात, प्लीज नको.

आता ब्रीडिंग. दोघांचा रंग नीट विचारून घे, व्हाईट-व्हाईट किंवा वेल्वेट-वेल्वेट (वेल्वेट हाही फरचा एक रंगप्रकार) जोडी लावूच नको, त्यातले काही गर्भ पोटातच मरतात. मादी साधारण 111 दिवस गाभण असते आणि व्यायल्यावर लगेच परत माजावर येते, म्हणून नराला त्याआधीच वेगळं काढ, नाहीतर ती बिचारी पिल्लांना पाजता पाजता पुन्हा गाभण, हे मला अजिबात पटत नाही. पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, रोज वजन कर, घटत असेल तर थांबू नको, सरळ व्हेट गाठ, आणि असे प्राणी बघणारा व्हेट आत्ताच शोधून ठेव.