२४ तास उत्तेजित केलेल्या टी पेशींसाठी कोणते मार्कर घ्यावेत?

टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) सक्रिय झाल्या का हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या प्रथिनांना (मार्करना) चमकणारे रंग जोडून, २४ तासांनी एकदाच मोजायचं असेल, तर सीडी६९ आणि सीडी२५ ही जोडी घ्या. सोबत टी पेशी ओळखणारा सीडी३, त्यांचे दोन मुख्य प्रकार वेगळे करणारे सीडी४ व सीडी८ आणि मृत पेशी वगळणारा रंग हवाच.

मार्करपेक्षा वेळ आधी ठरवा. सीडी६९ काही तासांतच पृष्ठभागावर येतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरायला लागतो. सीडी२५ साधारण एका दिवसानंतर ठळक दिसतो व पुढे टिकतो. मानवी पेशींत एचएलए-डीआर हा मार्कर आणखी उशिरा येतो, त्यामुळे २४ तासांच्या प्रयोगात त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

खरी गोची सीडी२५ ची आहे. नियामक (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) टी पेशींवर तो उत्तेजनाशिवायही भरपूर असतो, म्हणून सीडी४ पेशींत फक्त सीडी२५ वरून ‘सक्रिय’ असा शिक्का मारणं धोक्याचं. सीडी१२७ (नियामक पेशींवर कमी असतो) आणि फॉक्सपी३ (त्यांच्यातलं ओळखीचं प्रथिन) जोडले तर चित्र बरंच स्पष्ट होतं, पण सक्रिय झालेल्या साध्या मानवी टी पेशींतही फॉक्सपी३ थोडा काळ दिसू शकतो, हे ध्यानात असू द्या. ऊतकातल्या पेशी असतील तर सीडी६९ सुद्धा फसवा: तिथे मुक्काम ठोकलेल्या स्मृती टी पेशींवर तो कायमच असतो.

उत्तेजनासाठी अँटी-सीडी३ (जवळपास सगळ्याच टी पेशींना चेतवणारं प्रतिपिंड) ऐवजी पेप्टाइड (प्रतिजनाचा, म्हणजे टी पेशी ओळखतात त्या प्रथिनाचा, छोटा तुकडा) वापरत असाल, तर सीडी१३७ जास्त कामाचा. न उत्तेजित पेशींवर तो फारसा नसतो, म्हणून प्रतिजन ओळखणाऱ्या मोजक्या पेशीही वेगळ्या काढता येतात.

उत्तेजनानंतर सीडी३ चा सिग्नल घसरतो, म्हणून त्याचा गेट (पेशी निवडण्याची सिग्नलची मर्यादा) फार घट्ट लावू नका. आणि त्याच नमुन्यातल्या, तितकाच वेळ ठेवलेल्या पण न उत्तेजित पेशींशिवाय कुठलाही आकडा मी तरी मानणार नाही.